कर्करोगाच्या वाटेवरील पहिली चौकी

पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना पुस्तकांवांचून ठाऊक असे. जखम एकीकडे आणि गांठ दुसरीकडे, असें कां व्हावें? कर्करोगाचा माग काढण्याचा इतिहास याच प्रश्नाशीं निगडित आहे.

१६२२ च्या जुलै महिन्यांत इटलींतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारो आसेल्ली यांनीं नुकत्याच खाऊं घातलेल्या कुत्र्याचें पोट उघडलें, तों आंतड्यालगत पांढऱ्या तंतूंचें जाळें दिसलें. एक तंतु कापतांच दुधासारखा द्रव बाहेर आला. अन्नांतील स्निग्धांशानेंच त्या रसवाहिन्या रंगविल्या होत्या! न दिसणारी वाट पाहावयाची, तर तिच्यांतून दिसणारी वस्तु जावी लागते, हें तत्त्व तेथेंच प्रकट झालें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथें डॉ. हॉल्स्टेड हे स्तनाच्या कर्करोगांत काखेंतील रसग्रंथिही समूळ काढून टाकीत. रोग तेथवर पोंचला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहण्याचें साधन नव्हतें. अशा शस्त्रक्रियेनंतर जीव वांचला तरी कित्येक स्त्रियांचा हात कायमचा सुजून राही.

१९५२ सालीं लंडनचे किनमंथ यांनीं रसवाहिनींत क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य घालून तिचें चित्र घेतलें. १९९२ मध्यें अमेरिकेंतील मॉर्टन यांनीं त्वचेच्या कर्करोगाशेजारीं निळा रंग टोंचून तो प्रथम ज्या ग्रंथींत उतरे ती हुडकली. ही पहाऱ्याची चौकी होय; शत्रु पुढें सरकला असेल, तर बहुधा आधीं येथेंच आढळावयाचा. पुढील वर्षीं क्रॅग यांनीं स्तनाच्या कर्करोगांत टेक्नेशियमचे किरणोत्सर्गी कण वापरून हेंच साधलें. यांत कणांचें माप महत्त्वाचें: फार लहान कण रक्तांत निसटतात, फार मोठे सुईच्या जागींच बसून राहतात.

२००३ सालीं पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगांत लोहाचे अतिसूक्ष्म कण शिरेंतून दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निरोगी रसग्रंथींतील भक्षक पेशी ते कण गिळतात, म्हणून चुंबकीय चित्रांत ती काळी दिसते. रोगानें व्यापलेला भाग उजळ राहतो.

चौकीची ग्रंथि दाखविण्याचें काम रंगाचें अथवा कणांचें. तींत रोग आहे कीं नाहीं, याचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीं होतो. ती निर्मळ निघाली, तर काखेंतील इतर ग्रंथि सहसा काढाव्या लागत नाहींत. आसेल्लींच्या त्या पांढऱ्या तंतूंनीं आज कित्येक स्त्रियांचा हात राखला आहे.