एकसष्टचं उत्तर बावीस कोटींवर

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६० ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा एक वर्गच यायला हवा. या कोड्याचं उत्तर चटकन सापडतं. ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६० च्या जागी ६२ घ्या, ८ वर काम भागतं. मधल्या ६१ ला मात्र सगळ्यात लहान उत्तर येतं २२,६१,५३,९८०. त्यातून तयार होणारा वर्ग असतो १,७६,६३,१९,०४९ चा.

ही जोडी भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त दिली.

अंदाजपंचे कोणी बावीस कोटींपर्यंत पोचत नाही. त्याला रीत लागते. ८ चा वर्ग ६४, त्यातून ६१ गेले की उरतात ३. हा ‘क्षेप’. तो १ वर आणायचा. चक्रवाल, म्हणजे फेऱ्याफेऱ्यानं पुढे सरकणाऱ्या, पद्धतीच्या एकाच फेऱ्यात ३९ आणि ५ मिळतात: १,५२१ वजा ६१ गुणिले २५, क्षेप उणे ४. पुढे ब्रह्मगुप्तांची सातव्या शतकातली ‘भावना’ कामाला येते, म्हणजे दोन जोड्यांच्या गुणाकारातून तिसरी काढणं. तिनं २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात, क्षेप उणे १. ही जोडी स्वतःशीच गुणली की झालं. शाळेत वर्गसमीकरणं शिकणारी मुलंसुद्धा हे सगळं वहीच्या एका पानावर पडताळून पाहू शकतील.

१६५७ साली फ्रान्सच्या फर्मानं हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून पुढे टाकला. पाच शतकांपूर्वी तो सुटलेला आहे, हे युरोपात कोणालाच ठाऊक नव्हतं. इंग्लंडच्या ब्राउंकरनं या प्रकारची समीकरणं सोडवण्याची रीत शोधली, पण ऑयलरच्या चुकीमुळे समीकरणाला नाव चिकटलं पेलचं. आजही पाठ्यपुस्तकांत तेच आहे. भारतीय गणितात त्याला आधीपासून ‘वर्गप्रकृती’ हे नाव होतं, आणि तेच वापरायला हवं.

भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड. ते मराठवाड्यातलं बीड की चाळीसगावजवळचं पाटण, यावर एकमत नाही. पाटणचा पुरावा मात्र दगडावर कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं दरबारी नेल्याचा उल्लेख येतो. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी तो मराठीवर येतो आणि हिशोबाचं बोलतो: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला लावून दिलं आहे.