बन्नूरचे यतिराज : एका नामाचा उच्चार आणि प्रसार

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यातले बन्नूर हे गाव आज मुख्यतः तेथील मेंढ्यांच्या जातीमुळे ओळखले जाते. द्वैत वेदान्ताच्या इतिहासात मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. सुमारे १४६० साली येथे बल्लण्ण आणि अक्कम्मा या दांपत्याच्या पोटी जन्मलेले मूल पुढे ‘न्यायामृत’, ‘तात्पर्यचंद्रिका’ व ‘तर्कतांडव’ या ग्रंथांचे कर्ते व्यासतीर्थ म्हणून विख्यात झाले. त्यांचे बालपणीचे नाव यतिराज. ब्रह्मण्यतीर्थांच्या आशीर्वादाने होणारे दुसरे अपत्य त्यांच्याच स्वाधीन करावयाचे, असे आधी ठरले होते, अशी परंपरा आहे. पाळण्यातल्या मुलाला ‘संन्याशांचा राजा’ म्हणण्यामागील हेतू त्यावरून उमगतो. हे मूल आपल्या घरी राहावयाचे नाही, हे जाणूनच आईबापांनी ते नाव ठेवले असले पाहिजे.

नाव नवीन नव्हते. श्रीवैष्णवांमध्ये यतिराज म्हणजे रामानुज. वेदान्तदेशिकांची ‘यतिराजसप्तति’ आणि मणवाळ मामुनींची ‘यतिराजविंशति’ ही स्तोत्रे त्यांच्यावरच आहेत. मेलुकोटे येथील मठही यदुगिरी यतिराज मठ म्हणूनच ओळखला जातो. एका संप्रदायाच्या आचार्याची ही पदवी दुसऱ्या संप्रदायातील घराने बारशाला निवडावी, आणि त्याच बालकाने पुढे तात्पर्यचंद्रिकेत रामानुजमताचेही खंडन करावे, हा योग मोठा मौजेचा खरा. परंतु त्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शब्द साधा संस्कृत समास आहे. तो कोणा एका संप्रदायाच्या मालकीचा नव्हे.

याच समासात उच्चाराची किल्ली आहे. तत्पुरुषाच्या अंती ‘राजन्’ आला म्हणजे पाणिनीच्या नियमाप्रमाणे त्याचे ‘राज’ असे अकारान्त रूप होते. म्हणून महाराज, आणि म्हणून यतिराज. कानडी माणूस हा अन्त्य अकार स्पष्ट उच्चारतो. मराठी जीभ तो गिळते. कानडीत य-ति-रा-ज अशी चारही अक्षरे पुरती ऐकू येतात, मराठीत तीनच. दोन्ही उच्चार आपापल्या भाषेच्या प्रकृतीला धरून आहेत, त्यांत शुद्धाशुद्धतेचा प्रश्न नाही. प्रश्न उद्भवतो तो रोमन लिपी मध्ये आल्यावर. तिच्यातील शेवटचा स्वर पाहून मराठी लेखक ‘यतिराजा’ आणि ‘व्यासराया’ लिहू लागतो. पहिले रूप व्याकरणाला सोडून आहे. दुसरे तर मराठी कानाला संबोधनच वाटावे. विठुरायाला घातलेली साद आणि लावणीतली ‘राया’ ही हाक ज्याच्या कानांत आहे त्याला विजयनगरच्या राजगुरूचे असे नाव वाचून हसू आवरणार नाही. ऱ्हस्वदीर्घाविषयी संदेहाचे कारण नाही. १९६२ च्या नियमांनी एकटा शब्द ‘यती’ झाला, तरी समासाच्या पूर्वपदी ‘यति’ ऱ्हस्वच राहिला.

संन्यास घेताना पूर्वाश्रमीचे नाव सोडावे लागते. त्यामुळे माध्व घरांतून पुढे मुलांना नाव मिळाले ते व्यासराय. राजाचा राय हा प्राकृतातला जुना बदल. त्याच मुळाचा ‘राव’ मराठीने जवळ केला, तर कानडीने ‘राय’ राखला. मुंबईत राहून कानडी कादंबरी लिहिणारे, ‘बंडाय’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे व्यासराय बल्लाळ (१९२३–२००८) हे त्या नावाचे मराठी वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण होय.

मग यतिराज हे नाव दुर्मिळ झाले काय? महाराष्ट्रात ते क्वचितच आढळते, हे खरे. तमिळ प्रदेशात मात्र रामानुजांच्या भक्तीमुळे ते टिकून राहिले, फक्त तेथे ते ‘एतिराज’ झाले. चेन्नईत १९४८ साली स्त्रियांसाठी महाविद्यालय स्थापणारे बॅरिस्टर व्ही. एल. एतिराज यांचे नाव मुळात हेच. दक्षिणेत ‘त’साठी रोमन लिपीत ‘टीएच’ ही जोडी लिहितात. ती पाहून इकडचा वाचक ‘एथिराज’ म्हणतो, आणि ज्या नावाचा अर्थ त्याला सहज कळला असता ते परके समजून पुढे जातो.