राष्ट्रीय पानाचा पत्ता

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. मुंबईत कुणालाही विचारा, आकडे तोंडपाठ असतात. आता दुसरा आकडा घ्या : नाबाद ४४३. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. फलंदाज कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. हा आकडा कितीजणांना येतो?

सचिन पुढे सचिन झाला म्हणून त्याचा शाळकरी आकडा टिकला, हे उघडच आहे. पण तो छापून आला तेव्हा सचिन चौदा वर्षांचा होता आणि पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो छापला गेला, कारण शालेय सामन्यांचे गुणफलक नेमाने छापणारी वर्तमानपत्रं त्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी जन्माने कोल्हापूरचा आणि पोटापाण्याने मुंबईच्या एका दैनिकाच्या क्रीडा विभागातला उपसंपादक. ‘राष्ट्रीय’ क्रीडा पान कसं लागतं ते मी आतून पाहिलं आहे. त्या पानाला एक पत्ता असतो, आणि बराच काळ तो बोरीबंदर ते चर्चगेट यांच्या दरम्यानचा होता.

हा पत्ता ठरला ब्रिटिश काळात. मुंबईतली पारशी, हिंदू, मुस्लिम आणि युरोपियन यांची चौरंगी स्पर्धा १९१२ साली सुरू झाली, १९३७ साली ती पंचरंगी झाली आणि १९४६ साली बंद पडली. रणजी करंडक १९३४ साली आला, पण गर्दी, पैसा आणि बातम्यांचे रकाने मुंबईच्या या जत्रेकडेच जात. त्याच १९३४ साली बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवरून धावतं वर्णन सुरू केलं. कुणाचीही मदत न घेता दिवसभर एकटा बोलणारा हा पारशी गृहस्थ. त्याच्या आवाजातून देशाने क्रिकेट ऐकलं, म्हणजे मुंबईत चाललेलं क्रिकेट ऐकलं.

त्या काळात बाहेरचे लोक मोठे झाले नाहीत असं मुळीच नाही. नागपूरच्या सी. के. नायडूंनी १९२६ साली भारत दौऱ्यावर आलेल्या एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा ठोकल्या. त्याच दौऱ्यात त्याच संघाविरुद्ध पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी १४८ धावा केल्या. सांगलीच्या विजय हजारेंनी १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेक यांचा वाटा २१. या तिन्ही डावांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आणि ते रास्तच होतं. पण हे तिन्ही डाव झाले कुठे? पहिले दोन बॉम्बे जिमखान्यावर, तिसरा ब्रेबॉर्नवर. नागपूर, पुणे, सांगलीच्या माणसाला राष्ट्रीय व्हायला अडचण नव्हती, फक्त पराक्रम मुंबईत येऊन करायचा. निंबाळकरांनी तो पुण्यात केला.

निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. त्याला निवडीची कारणं होती आणि मधल्या फळीत दाटीही होती. निवडीबद्दल माझी तक्रार नाही, मी आठवणीबद्दल बोलतोय. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉने गुवाहाटीत आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या आणि संजय मांजरेकरचे ३७७ मागे पडले. रणजीतली ही दुसऱ्या क्रमांकाची खेळी. मग पहिल्या क्रमांकावर कोण, हे सांगणं भाग पडलं आणि निंबाळकरांचं नाव देशभरच्या मथळ्यांखाली आलं. त्यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

मुंबईबाहेरच्या वाचकाला हे सगळं कारस्थान वाटतं. मला तसं दिसलं नाही. मला दिसला तो अंतराचा आणि खर्चाचा हिशेब. आमच्याकडे जिल्ह्यातून मजकूर यायचा तारेने किंवा ट्रंक कॉलवर. तिथल्या वार्ताहराला मानधन ओळींच्या हिशेबाने, त्यात कॉल लागायचा रात्री नऊनंतर, आणि तोवर पानाचा वरचा अर्धा भाग भरलेला असायचा. उलट मुंबईतला प्रतिनिधी संध्याकाळी मैदानावरून चालत यायचा, गुणफलक खिशात आणि गप्पा डोक्यात. निंबाळकरांच्या खेळीच्याच वर्षी, १९४८ साली, कांगा लीग सुरू झाली. पावसाळ्यातली, ओल्या खेळपट्टीवरची क्लबांची स्पर्धा. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांच्या सामन्यांचे तपशील मुंबईच्या पानांवर बारीक टाइपात पण न चुकता येत. त्याच दिवसांत नागपुरात किंवा सोलापुरात कुणी शतक काढलं तर ते ‘संक्षिप्त’मध्ये जाई, आणि जाहिरात आली की तिथूनही उडे.

यातून जो पक्षपात होतो तो खोट्या स्तुतीचा नसतो. तो ओळखीचा असतो. मुंबईचा फलंदाज भारतीय संघात येईपर्यंत आमच्या वाचकाला त्याची शाळा, क्लब, प्रशिक्षक, एवढंच काय, लोकलमधलं त्याचं किटबॅग सांभाळत उभं राहणंही ठाऊक असायचं. तो तीन डावांत अपयशी ठरला की आम्ही लिहायचो, ‘सूर हरवला आहे’. बाहेरून आलेला तीन डावांत अपयशी ठरला की लिहायचो, ‘या दर्जाला तंत्र अपुरं पडतं’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शब्दांची वाटणीही ठरलेली होती. मुंबईकर ‘तंत्रशुद्ध’ आणि ‘जिगरबाज’, बाहेरचा ‘नैसर्गिक’ किंवा ‘रांगडा’. म्हणजे एकाने मिळवलेलं, दुसऱ्याला देवाने दिलेलं.

याला आधारही भक्कम होता, हे सांगायला हवं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक कुणाला दिला नाही. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली तेव्हा कर्णधार वाडेकर, ६४२ धावा करणारे सरदेसाई, ७७४ धावा करणारे गावसकर, शिवाय सोलकर आणि अशोक मांकड, सगळे मुंबईचे. त्याच हंगामात उरलेल्या मुंबई संघाने सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात आमच्या महाराष्ट्राला हरवलं. एवढं यश दारात असताना बातमीदार दुसरीकडे कशाला जाईल? सवय यशातून लागते आणि यश ओसरलं तरी राहते.

दुसरी शहरं याहून साधी नव्हती. मद्रासमधून ‘हिंदू’च्या घरातलं ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ निघायचं, ते १९६८ साली बंद झाल्यावर पुढे १९७८ साली ‘स्पोर्टस्टार’ आलं. कलकत्त्यातून आनंदबझारचं ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’, संपादक पतौडी. मुंबईतून ‘स्पोर्ट्सवीक’. तिन्ही देशभर विकली जात, तिन्ही स्वतःला राष्ट्रीय म्हणवत, आणि आमच्या टेबलावर तिन्ही शेजारीशेजारी पडलेली असत. एकाच कसोटीबद्दल त्यांतून वाचलं की तीन वेगळे सामने झाल्यासारखं वाटे. मद्रासच्या पानात फिरकीचं कौतुक, मुंबईच्या पानात सरळ बॅटचं, कलकत्त्याच्या पानात पूर्व विभागावर झालेल्या अन्यायाचं गाऱ्हाणं.

१९८४ चा डिसेंबर मला चांगला आठवतो. इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी भारत हरला. बेजबाबदार फटक्यांबद्दल कपिल देवला पुढच्या कलकत्ता कसोटीतून वगळलं. कर्णधार गावसकर. मुंबईतल्या लिखाणात विषय होता शिस्तीचा, उत्तरेकडच्या लिखाणात मुंबईच्या दादागिरीचा. ईडन गार्डन्सवर लोकांनी गावसकरांची हुर्यो उडवली आणि १९८७ साली तिथल्या पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत ते खेळलेच नाहीत. या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट विसरल्या. कपिलबरोबर संदीप पाटीललाही वगळलं होतं, आणि तो शिवाजी पार्कचा. कपिल पुढच्याच कसोटीत परतला. १३१ कसोट्यांच्या त्याच्या कारकिर्दीत वगळला गेला तो हाच एक सामना. पाटील पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही. शहराशहरांच्या भांडणात हे बसत नव्हतं, म्हणून ते कुठल्याच शहराने मोठ्या टाइपात छापलं नाही.

असंच पद्माकर शिवलकरांचं. बेदी असताना या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला कसोटी मिळाली नाही, ही मुंबईच्या लिखाणातली जुनी हळहळ, आणि ती खरी आहे. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी १६ धावांत ८ बळी घेतले होते. पण त्याच बेदीमागे, त्याच शैलीचे, हरयाणाचे राजिंदर गोयलही आयुष्यभर थांबले. रणजीत ६३७ बळी, म्हणजे सर्वांत जास्त. त्यांच्या नावाने मुंबईत किती लेख निघाले? या दोघांना एका रांगेत बसवलं ते एका मुंबईकर खेळाडूने. गावसकरांनी १९८३ च्या ‘आयडॉल्स’मध्ये शिवलकर आणि गोयल दोघांनाही जागा दिली. ते गोयलना स्वतः खेळले होते. पत्रकाराने पाहिलंच नव्हतं.

आता आमच्या कोल्हापूरकडे वळतो, नाहीतर मुंबईवाले म्हणतील, हाही गाववालाच. खरं आहे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं. परतल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या भागाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि देशाच्या पानांवर हॉकीचं सुवर्ण झळकलं. हे दुःख आम्ही अजून उगाळतो. पण शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलची बातमी देताना आम्ही काय करतो? पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की दुसऱ्या दिवशी वाचक छायाचित्रं मोजतो, आणि वार्ताहराला पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कुठल्या पेठेतले?’ मुंबई कोल्हापूरशी जे वागते, ते कोल्हापुरात एक तालीम दुसरीशी वागते.

या गुंत्यातून वाट काढलेली माणसं मी पाहिली. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये कबड्डी, खो-खो आणि कुस्तीला क्रिकेटच्या शेजारी बसवलं. मराठी क्रीडा पत्रकारितेला त्यांनी वळण लावलं ते निःपक्षपणाचे धडे देऊन नव्हे. ती मैदानं पानावर घेतली, बस्स.

म्हणून मला वाटतं, या पक्षपातावर उपदेशाने काही होत नाही. माणूस जे पाहतो त्याच्यावर प्रेम करतो आणि ज्याच्यावर प्रेम करतो त्याला दुसरी संधी देतो. इलाज प्रवासभत्त्यात आहे. आज तार नाही, ट्रंक कॉल नाही, रांचीचा धोनीही येऊन गेला. पण प्रतिनिधीला रणजीच्या सामन्याला बाहेरगावी पाठवणारं दैनिक दुर्मीळ झालं आहे. तो कार्यालयात पडद्यासमोर बसतो आणि जो सामना दाखवतात तो लिहितो. पानाचा पत्ता बोरीबंदरहून हलला, तो जिथे कॅमेरा जातो तिथे गेला. कॅमेरा न गेलेल्या गावात आज कुणी चारशे धावा काढल्या, तर ‘संक्षिप्त’ लावणाऱ्या उपसंपादकाला त्याचं आडनाव तरी नीट लिहिता येईल का, हे संपादकांनी तपासावं.