चार पेन्सांचा विमा आणि घरची बाई

रोजावर पोट असलेल्या घरांत कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, कीं इकडे रोज बुडतो आणि तिकडे औषधाचा खर्च वाढतो. या दुहेरी संकटावर जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं सक्तीच्या विम्याचा तोडगा काढला. पुढें विलायतेंत लॉईड जॉर्ज यांनीं १९११ चा कायदा घडविला, त्याची ही हकीकत.

कामकरी पुरुषानें आठवड्यास ४ पेन्स द्यावे. मालकानें ३ व सरकारनें २ घालावे. चार देऊन नऊ मिळतात, असा गाजावाजा झाला. वर्गणीचीं तिकिटें कार्डावर चिकटवावयाचीं होतीं. मोलकरणींच्या कार्डांसाठीं हा उपद्व्याप आपल्या गळ्यांत पडणार, म्हणून बड्या घरच्या स्त्रियांनीं अल्बर्ट हॉलमध्यें निषेधाची सभा भरविली होती! परंतु १९१३ पासून, ज्याला डॉक्टरच्या दाराशीं जाण्याची छाती नव्हती, तो तेथें हक्कानें जाऊं लागला. आजारांत पुरुषाला आठवड्यास १० शिलिंगही मिळत. हें यश लहान नव्हे.

उणीव मुळांतच होती. विमा कमावत्याचा, कुटुंबाचा नव्हे. नोकरी न करणाऱ्या बायकोला आणि मुलांना त्यांतून डॉक्टर मिळत नसे. प्रसूतीसाठीं ३० शिलिंग ठेवले होते खरे. पण ते नवऱ्याचे समजले जात. स्त्रियांच्या सहकारी संघानें झगडून १९१३ सालीं ते आईच्या मालकीचे करून घेतले. याच संघानें १९१५ सालीं कामकरी स्त्रियांचीं पत्रें छापलीं. बाळंतपणांत अंगावर काढलेल्या दुखण्यांच्या हकीकती त्यांत आहेत. आमच्या घरींही आई औषध घेई तें सर्वांच्या शेवटीं, आणि उरलें तरच. म्हणून असेल, त्या पत्रांपुढें मला सरकारी अहवाल फिके वाटतात.

शिवाय हा कारभार मान्यताप्राप्त संस्थांमार्फत चाले. जिचे सभासद धडधाकट, तिच्यापाशीं शिल्लक उरे आणि दांतांच्या उपचारासारखे जादा लाभ तिच्याच सभासदांना मिळत. ज्या संस्थेंत आजारी अधिक, तिचे हात रिकामे.

बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानंतर विचार पालटला, आणि ५ जुलै १९४८ पासून तेथें विमेदार कोण हें न विचारतां सर्वांना औषधोपचार मिळूं लागला. त्याच वर्षीं आपल्याकडे, प्रा. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाच्या पायावर, कामगार राज्य विमा कायदा झाला. १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली, तेव्हां औषधोपचार कामगारापुरताच होता. त्याची बायकामुलें त्यांत आलीं तीं मागाहून.