चोरटे वाचन, अपराधी वाचन : मराठी रहस्यकथेच्या वाचकाविषयी

१

मराठी रहस्यकथेविषयी सुशिक्षित वाचक बोलू लागला की एक विशिष्ट सूर बहुधा ऐकू येतो. या कथा आपण एके काळी झपाटल्यासारख्या वाचल्या, हे तो मान्य करतो; परंतु ते मान्य करताना वयाचा, आजारपणाचा अथवा प्रवासाचा हवाला देतो. शाळकरी वय होते, ताप आला होता, आगगाडीत वेळ जात नव्हता, अशा सबबींच्या कुंपणात तो आनंद बंदिस्त केला जातो. आपल्या वाङ्मयीन अभिरुचीच्या घडणीत त्या वाचनाचा काही वाटा असेल, ही शक्यता मात्र सहसा विचारात घेतली जात नाही. इंग्रजी समीक्षेच्या वळणाने याला ‘अपराधी आनंद’ म्हणता येईल. परंतु हा शब्दप्रयोग मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी वाचकाजवळ स्वतःचा एक शब्द आहे : ‘चोरून वाचणे’.

हे दोन शब्द समानार्थी समजले जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ते दोन वेगळ्या सामाजिक व्यवहारांचे निदर्शक आहेत. चोरून वाचणारा कोणापासून तरी लपत असतो. भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा दडवणारा मुलगा मास्तरांपासून किंवा वडिलांपासून लपतो. दुपारच्या वेळी कामे आवरून वाचणारी सून सासूपासून लपते. तो किंवा ती चोरते ते अभ्यासाचा वा कामाचा वेळ, दिव्याचे तेल, क्वचित भाड्याचे पैसे. आपण सापडू ही भीती त्या वाचनात आहे. पुस्तक हीन आहे ही जाणीव तीत असेलच असे नाही. अपराधी वाचकाला पकडणारे बाहेर कोणी नसते. त्याचा पहारेकरी त्याच्याच अभिरुचीत येऊन बसलेला असतो. चोरट्या वाचनाला वडीलधाऱ्यांची सत्ता लागते, अपराधी वाचनाला समीक्षेची. मराठीत पहिल्यातून दुसरे कसे निपजले, हा मुख्यतः इतिहासाचा प्रश्न आहे.

२

मराठी कादंबरीविषयीची चिंता कादंबरीइतकीच जुनी आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ आदी अद्भुतरम्य कथा वाचकप्रिय झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७२ मध्ये, का. बा. मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या प्रकाराचा परामर्श घेतला. या काळातील आक्षेपांचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. असंभाव्य घटना, शृंगार, तरुण मनावर होणारा परिणाम या गोष्टी आक्षेपकांना खुपत होत्या. म्हणजे आक्षेप नीतीचा होता आणि वास्तवाशी असलेल्या नात्याचा होता. उच्च अभिरुचीचा आणि हीन अभिरुचीचा अशा दोन स्वतंत्र वाचकवर्गांची कल्पना त्यात अद्याप स्थिर झालेली नव्हती.

ती स्थिर होणे शक्यही नव्हते, कारण गंभीर कादंबरी आणि रंजक कादंबरी त्या वेळी एकाच फळीवर उभ्या होत्या. हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तिला आधार होता तो जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याच्या लंडनच्या रहस्यांवरील कथानकाचा. हा रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) म्हणजे इंग्लंडमध्ये १८४४ पासून एक पेनी किमतीच्या साप्ताहिक अंकांतून लंडनची रहस्ये विकणारा लेखक. तो चार्टिस्ट चळवळीतला होता. सरदारांचे वाडे आणि दरिद्री गल्ल्या यांना एकाच कथानकात समोरासमोर आणणे हे त्याच्या लेखनाचे सूत्र होते. इंग्रजी वाङ्मयाच्या प्रतिष्ठित इतिहासांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. हिंदुस्थानातील ग्रंथालयांत मात्र त्याला असाधारण मागणी होती, हे प्रिया जोशी यांच्या ‘इन अनदर कंट्री’ (२००२) या ग्रंथातून दिसून येते. मराठी सामाजिक कादंबरीचा आरंभ ज्या लेखकापासून मानला जातो त्याने आपल्या उमेदवारीत समोर ठेवलेला नमुना अशा रीतीने बाजारी कादंबरीचा होता. शहराचे गुप्त अंतरंग उघडे करावे, प्रतिष्ठेच्या मागचे व्यसन दाखवावे ही दृष्टी त्या नमुन्यात होती, आणि सुधारणेच्या हेतूला ती सोयीची ठरली.

आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘करमणूक’ असावे, हेही अर्थपूर्ण आहे. रंजन आणि बोध यांचा तो करार होता. वाचकाने करमणूक करून घ्यावी, तिची किंमत बोध पदरात पाडून चुकवावी. या करारात रंजनाची लाज बाळगण्याचे कारण नव्हते. मात्र ते एकटे हिंडू लागले की त्याच्यावर संशय येणार, हे ठरून गेले.

३

गो. ना. दातार यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘चतुर माधवराव’ इत्यादी कादंबऱ्यांत हे रंजन बरेचसे एकटे हिंडू लागले. दातारांचाही मुख्य आधार रेनॉल्ड्सच होता. आपटे आणि दातार या दोघांनी एकाच झऱ्याचे पाणी घेतले. एकाच्या नावाने कादंबरीचे युग ओळखले जाते, दुसऱ्याची नोंद बहुधा रूपांतरकारांत होते. रूपांतर हा दोष मानला, तर ‘मधली स्थिति’ही त्यातून सुटत नाही. फरक रंजनाला जोडलेल्या समर्थनात होता.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्यापाशी येईपर्यंत हे समर्थनही गळून पडले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने झुंझार, काळापहाड, धनंजय-छोटू अशी पात्रे घरोघर पोहोचवली. येथे वितरणाचे स्वरूप निर्णायक आहे. छोट्या आकाराचे, स्वस्त कागदावरचे पुस्तक खाजगी वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने घ्यायचे, रात्रीत संपवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे. या पुस्तकाची मालकी कोणाला नको होती. घरातल्या कपाटात जे मांडले जाते त्यावरून घराची अभिरुची ठरते; रहस्यकथा कपाटापर्यंत पोहोचतच नव्हती. घरात ती उशीखाली येऊन गेली. ‘चोरून वाचणे’ या व्यवहाराला असा भौतिक पाया होता.

या वाचकाला नेमका कसला आनंद मिळत होता? डब्ल्यू. एच. ऑडेन याने ‘द गिल्टी व्हिकरेज’ (१९४८) या निबंधात गुप्तहेरकथेचे आपले वाचन तंबाखू वा मद्याच्या जातीचे व्यसन असल्याचे सांगितले आणि त्या आनंदाचे मूळ पापजाणिवेत शोधले. अपराधी सापडतो, त्यामुळे उरलेला समाज निष्पाप ठरतो आणि वाचकही क्षणभर निष्पाप होतो, असा त्याचा आशय. ही मीमांसा ख्रिस्ती धर्मकल्पनेवर उभी आहे. ती झुंझार किंवा काळापहाड यांना जशीच्या तशी लागू करता येत नाही. ही पात्रे स्वतःच कायद्याच्या कुंपणाबाहेर वावरतात आणि तेथून दुष्टांना शासन करतात. वाचकाला येथे पापमुक्ती लाभत नाही, न्याय झाल्याचे समाधान लाभते. तेही कोर्टकचेरीची पायरी न चढता. तारखांमागून तारखा पाहिलेल्या समाजाला या कल्पनेत सुख वाटावे, यात नवल नाही. म्हणून या आनंदाला केवळ पलायन म्हणणे अपुरे आहे. वाचक पळून जातो हे खरे असले, तरी तो कशापासून पळतो हे त्या पळण्याच्या दिशेवरूनच कळते.

४

ऑडेनच्या कबुलीजबाबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तो कबुली देतो, कारण त्याला ती परवडते. कवी म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे. एडमंड विल्सन याने १९४५ मध्ये याच व्यसनाची निर्भर्त्सना केली आणि त्याआधी क्यू. डी. लीव्हिस यांनी ‘फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक’ (१९३२) मध्ये बाजारी वाचनाकडे सांस्कृतिक ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहिले. हे तिघेही अभिरुचीच्या सुरक्षित बाजूवर उभे आहेत. अपराधी आनंद हा ज्याच्याजवळ दुसरा, निरपराध आनंद आधीच आहे त्याचाच अधिकार असतो. ज्या वाचकाचे एकमेव वाचन रहस्यकथा हेच आहे, त्याला अपराधी वाटून घेण्याची सोय नाही. त्याला फक्त रागावले जाते.

मराठीत ही सुरक्षित बाजू नवसाहित्याच्या काळात पक्की झाली. मर्ढेकरांच्या ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या लेखनानंतर कलाकृतीचे मूल्य तिच्या स्वायत्त घाटावरून ठरू लागले. बोधाचा जुना करार रद्द झाला, हा त्याचा मोठाच लाभ. पण त्याबरोबर रंजनही वाङ्मयबाह्य ठरले. पूर्वी रंजनाला नीतीच्या दारात उभे केले जात होते. आता त्याला दारच उरले नाही. वास्तविक घाटाच्या निकषावर रहस्यकथेचा विचार होण्यास प्रत्यवाय नव्हता. तॉदोरॉव्हने १९६६ मध्ये गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा असे गुप्तहेरकथेतील दुहेरी घाटाचे विश्लेषण केले; त्याच सुमारास उंबेर्तो एको याने फ्लेमिंगच्या बाँडकथांची रचना उलगडली. मराठीतील रूपवादी समीक्षेला आपली अवजारे याच सामग्रीवर पारखता आली असती. त्याऐवजी एक मौन राखले गेले, आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून ते पुढच्या पिढ्यांकडे गेले. चोरटा वाचक शिकून प्राध्यापक झाला, तेव्हा त्याच्या चोरीचे अपराधात रूपांतर झाले.

वाचकांनी ही सीमारेषा फारशी मानली नाही. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांचा वाचक त्यांच्या ‘दुनियादारी’ (१९८२) या कादंबरीपर्यंत त्यांच्याबरोबर सहज आला. गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथांची संख्याही हजाराच्या पुढे गेली, ती मागणीवाचून नव्हे.

५

प्रश्न रहस्यकथेला श्रेष्ठ ठरवण्याचा नाही. यांतील बरेच लेखन घाईचे, साचेबंद आणि भाषेच्या बाबतीत निष्काळजी आहे. स्त्रियांचे व परप्रांतीयांचे चित्रण अनेकदा पूर्वग्रहांवर पोसलेले आहे. वाचकप्रियता हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानण्याची लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासातील अलीकडची प्रवृत्ती जुन्या तुच्छतेइतकीच आळशी आहे. परंतु मूल्यमापन करण्यासाठी आधी पुस्तक समोर असावे लागते, आणि खरी हानी नेमकी येथे झाली आहे. जे पुस्तक सर्वाधिक हातांतून गेले तेच वाचून वाचून फाटले. ते जपण्याजोगे आहे असे ज्यांनी म्हणायचे, त्यांना ते वाचल्याची लाज वाटत होती. भाड्याच्या वाचनालयांच्या वह्या वाचनालयांबरोबर रद्दीत जातात आणि कोणत्या वस्तीत कोण काय वाचत होते याचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

त्यामुळे आपले वाङ्मयाचे इतिहास प्रामुख्याने जपलेल्या पुस्तकांचे इतिहास झाले आहेत. वाचलेल्या पुस्तकांचा इतिहास लिहायचा, तर अर्नाळकरांचे पाच-पन्नास नमुने निवडून त्यांची पुनर्मुद्रणे काढणे पुरेसे नाही. उरलेल्या प्रती, मुखपृष्ठे, प्रकाशकांच्या जाहिराती, भाड्याचे दर, जुन्या वाचकांच्या आठवणी यांचे संकलन हाती घ्यावे लागेल. ज्यांनी त्या वाचल्या ती पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यापेक्षा साक्ष घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.