उठून उभं राहिलं की बीपी का पडतं? पार्किन्सन्सच्या रुग्णांना होणारा, पण बसून मोजलेल्या बीपीत न दिसणारा त्रास

पार्किन्सन्स असलेली व्यक्ती घरात पडली की कारण बहुतेक वेळा ठरलेलं असतं. तोल गेला, पाय अडखळला, वय झालं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही वेळा पडण्याचं कारण पायात नसून रक्तदाबात असतं. अंथरुणावर झोपलेलं असताना बीपी १५० आणि उठून उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत ९५, असंही या रुग्णांमध्ये होऊ शकतं. दवाखान्यात मात्र खुर्चीत बसवून बीपी मोजतात, आकडा ठीकठाक किंवा थोडा जास्तच येतो आणि विषय तिथेच संपतो.

या त्रासाला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. सोप्या भाषेत, उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं. तो मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे होत असेल तर नावाच्या आधी 'न्यूरोजेनिक' हा शब्द लागतो. पार्किन्सन्स, मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी (एमएसए) आणि ल्यूई बॉडी डिमेन्शिया हे त्यामागचे तीन मुख्य आजार. पार्किन्सन्सच्या ढोबळमानाने दर तीन रुग्णांपैकी एकाला हा त्रास असतो. एमएसएमध्ये प्रमाण याहून बरंच जास्त आहे.

डॉक्टरांची व्याख्या १९९६ साली ठरली, ती अशी: उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी किमान २० ने किंवा खालचं किमान १० ने उतरलं, तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन.

उभं राहताना शरीरात काय घडतं?

आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे साधारण अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, त्यामुळे बीपी घसरायला लागतं. तरीही आपल्याला चक्कर येत नाही, कारण मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे सेन्सर असतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेमला खबर देतात. तिथून मज्जातंतूंमार्फत हुकूम सुटतो, मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थोडं जोरात धडधडतं. हे सगळं काही सेकंदांत होतं, आपल्याला कळतही नाही.

हे काम करते स्वायत्त मज्जासंस्था. पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला हात थरथरणं आणि चाल मंदावणं आठवतं, कारण ते दिसतं. पण त्या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूपुरत्या राहत नाहीत. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंतही त्या साचतात आणि ते तंतू झिजतात. हुकूम निघतो, पण रक्तवाहिनीपर्यंत पोहोचत नाही. एमएसएमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बाहेरचे तंतू बऱ्यापैकी शाबूत असतात, पण हुकूम देणारं मेंदूतलं केंद्रच बिघडतं. घरच्यांना दिसणारा परिणाम मात्र एकच.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बीपी मोजायला दंडाला बांधायचा पट्टाच नव्हता. तो इटलीच्या रिवा-रॉची यांनी १८९६ मध्ये आणला. उभं राहिल्यावर दाब पडणाऱ्या तीन रुग्णांची नोंद अमेरिकेत ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या डॉक्टरांनी १९२५ मध्ये केली. १९६० मध्ये शाय आणि ड्रेगर यांनी या त्रासाची मज्जासंस्थेच्या झिजेशी सांगड घातली. पुढे कितीतरी वर्षं आज ज्याला एमएसए म्हणतात त्याच्या एका प्रकाराला 'शाय-ड्रेगर सिंड्रोम' म्हणत. जुन्या फायलींमध्ये हे नाव अजून सापडतं.

चक्कर येतेच असं नाही

उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येणं, घेरी, शुद्ध हरपणं ही ओळखीची लक्षणं. पण बरेच रुग्ण चक्कर येते असं सांगतच नाहीत. ते सांगतात की उभं राहिलं की पायांतलं बळ जातं, धूसर दिसतं, डोकं चालत नाही. काहींची मान आणि खांदे दुखतात, कोटाचा हँगर खांद्यावर ठेवावा तेवढ्याच भागात. तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडल्याने हे होतं आणि बसलं किंवा आडवं झालं की दुखणं ओसरतं. घरचे मात्र स्पॉन्डिलायटिस समजून मलम चोळत राहतात.

म्हणूनच लक्षणापेक्षा वेळेकडे लक्ष द्यायला हवं. त्रास उभं राहिल्यावर सुरू होतो का, आणि आडवं झाल्यावर थांबतो का? सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर जास्त असतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बीपी उभं राहून मोजायलाच हवं. काहींना मात्र दाब बराच पडूनही काहीच जाणवत नाही. ते थेट पडतात, म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाचं बीपी लक्षणं नसली तरी अधूनमधून उभं राहून मोजलेलं बरं.

घरी कसं मोजायचं?

दंडाला बांधायचं साधं डिजिटल मशीन पुरतं. आधी पाच मिनिटं शांत आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहून घ्या. मग उभं करा आणि एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना पट्टा बांधलेला हात हृदयाच्या पातळीवर आधाराने धरा, खाली लोंबकळू देऊ नका, नाहीतर आकडा खोटा जास्त येतो. शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची हवीच. रुग्ण उभा राहू शकत नसेल तर हा प्रयोग घरी करू नका.

नाडीचा आकडा लोक लिहीत नाहीत, पण तोही महत्त्वाचा आहे. पाणी कमी पडल्याने किंवा रक्त कमी असल्याने बीपी पडलं तर हृदय भरपाई म्हणून जोरात पळतं. मज्जातंतूच बिघडलेले असतील तर नाडी फारशी वाढत नाही. समजा, वरचं बीपी १४० वरून १०० वर आलं, म्हणजे ४० ने पडलं. नाडी त्याच्या निम्म्यानेही, म्हणजे २० ने वाढली नाही, तर कारण मज्जासंस्थेत असण्याची शक्यता वाढते. पेसमेकर असेल किंवा हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशोब लागू पडत नाही. आणि उभं राहिल्यावर बीपी पडलं म्हणजे पार्किन्सन्सच, असंही नाही. जुन्या मधुमेहातही नसा खराब होऊन हेच होतं.

खरी पंचाईत इथे आहे

यातल्या साधारण निम्म्या रुग्णांचं बीपी उभं राहिल्यावर पडतं आणि आडवं झाल्यावर वाढतं. दाब सांभाळणारी यंत्रणाच बिघडल्याने तो दोन्हीकडे भरकटतो. आता विचार करा. फॅमिली डॉक्टरांनी पेशंटला तपासणीच्या टेबलावर झोपवून बीपी घेतलं, ते १७० आलं, गोळी वाढवली. घरी आल्यावर रुग्ण सकाळी संडासला जाताना कोसळला. दोष कुणा एकाचा नाही. थरथरीची औषधं न्यूरॉलॉजिस्ट देतात, बीपीची फिजिशियन, प्रोस्टेटची युरॉलॉजिस्ट, आणि तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर क्वचितच येतात.

प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिन, प्राझोसिनसारख्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, सिल्डेनाफिल, ही सगळी उभं राहिल्यावरचा दाब आणखी पाडू शकतात. पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपासुद्धा त्यात येतं. पण म्हणून यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. लेव्होडोपा तर अजिबात नाही, ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र घेऊन एकाच डॉक्टरांपुढे ठेवणं, हे मात्र आजच करता येईल.

रात्रीच्या वाढलेल्या दाबाचा आणखी एक तोटा आहे. दाब जास्त असल्याने मूत्रपिंडं रात्रभर मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. रुग्ण चार-पाच वेळा लघवीला उठतो, प्रत्येक उठण्यात पडायचा धोका, आणि सकाळपर्यंत शरीरातलं पाणी घटल्याने बीपी आणखी कमी. यावर उपाय साधा आहे: पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते नऊ इंच उचलायची. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने फक्त मान वाकते.

रोजच्या जगण्यात काय बदलायचं?

पाण्यापासून सुरुवात करू. ज्यांची स्वायत्त मज्जासंस्था बिघडली आहे त्यांनी साधारण अर्धा लिटर पाणी काही मिनिटांत प्यायलं तर उभं असतानाचं बीपी चांगलंच वाढतं. परिणाम पाच-दहा मिनिटांत सुरू होतो आणि तासभर तरी टिकतो. निरोगी तरुण माणसाच्या बीपीवर याचा फारसा फरक पडत नाही. त्यामुळे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी बसून पाणी पिणं हा स्वस्त आणि कामाचा उपाय आहे. झोपायच्या आधी मात्र तो नको. पार्किन्सन्समध्ये गिळायला त्रास होतो, पिताना ठसका लागत असेल तर घाईने पाणी पाजू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मिठाचंही तसंच. घरात सगळ्यांना 'मीठ कमी करा' सांगितलेलं असतं आणि या एका माणसाला डॉक्टर 'थोडं वाढवा' सांगू शकतात. ते त्यांनी सांगितल्यावरच करायचं.

जेवण झाल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं, तेव्हा बीपी पडण्याचं प्रमाण जास्त असतं. भात, पोळी, गोडधोड असं भरपेट जेवण झाल्यावर पुढचे दोन तास जपायचे. पुरणपोळीच्या जेवणानंतर हात धुवायला उठून बेसिनपाशीच चक्कर आली, तर ते अपचन नसू शकतं. पोटभर दोनदा जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाचदा खाणं बरं. निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नये, मग एकादशी असो की हरतालिका.

गरम पाण्याची लांबलेली आंघोळ आणि वैशाखातलं ऊन, दोन्हींनी रक्तवाहिन्या सैलावतात. आंघोळ स्टुलावर बसून करावी. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून, कुंथून एकदम उठणं हा तर सगळ्यात वाईट योग. कमोड, भिंतीला धरायला दांडा आणि बद्धकोष्ठावर इलाज, हे तिन्ही हवं. पाया पडायला वाकून झटकन सरळ होणंही टाळावं, समोरचे समजून घेतील.

उठायचं ते टप्प्याटप्प्याने: आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग आधाराने उभं राहायचं. उभं असताना अंधारी वाटली तर मांड्या आणि नितंब आवळून धरल्याने रक्त वर ढकललं जातं. पायांची आढी घालण्याचाही उपयोग होतो, पण ज्याचा तोल जातो त्याने ते कशाला तरी धरूनच करावं. पोटाला आवळून बांधायचा पट्टा उठण्याआधी लावायचा आणि आडवं होताना काढायचा. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा तो जास्त कामी येतो, कारण बरंच रक्त पोटातच साचतं.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळतं. डोक्याची त्वचा झिणझिणणं आणि अंगावर काटा येणं हे त्याचे नेहमीचे परिणाम. शेवटची गोळी आडवं होण्याच्या किमान चार तास आधी घ्यायची, कारण ती पोटात असताना झोपलं तर बीपी धोकादायक वाढू शकतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, त्यावर पायाची सूज आणि पोटॅशियम तपासत राहावं लागतं. ड्रॉक्सिडोपाचं शरीरात नॉरएपिनेफ्रिन तयार होतं. जपानने ते १९८९ मध्ये मान्य केलं, अमेरिकेने २०१४ मध्ये. यातलं काहीच मूळ झीज थांबवत नाही. त्यामुळे डॉक्टर बीपीचा एखादा आदर्श आकडा गाठायच्या मागे लागत नाहीत, तर माणूस किती वेळ उभा राहू शकतो आणि पडायचा थांबला का, हे बघतात.

घेरी आलीच तर

आपली सवय अशी की माणसाला धरून खुर्चीत बसवायचं, तोंडावर पाणी मारायचं. तसं करू नका. जमिनीवर आडवं झोपवा आणि पाय उशीवर किंवा स्टुलावर उंच करा. मेंदूकडे रक्त पोहोचलं की बहुतेक रुग्ण एक-दोन मिनिटांत सावरतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी, साखर काहीच घालू नका. छातीत दुखत असेल, बोलणं जड झालं असेल, शुद्ध लवकर येत नसेल, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.