जनुकाला गाव नसते: माहीमच्या २४ नमुन्यांचा इतिहास

१/१०
मार्च २०१०. मुंबईतील माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांचा एक छोटा शोधनिबंध भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे २४ नमुने त्यांनी तपासले होते. त्यांपैकी २२ नमुन्यांत एकच जनुक आढळले. हे जनुक इतक्या रुग्णांपर्यंत पोहोचले कसे? त्याचे उत्तर सत्तर वर्षे मागे जाते.

२/१०
१९४० साली ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांना पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर जिवाणूंमध्ये सापडले. तेथे पेनिसिलिनने रुग्णांवर उपचार सुरू झाले ते १९४१ मध्ये. म्हणजे औषधाचा वापर रूढ होण्यापूर्वीच त्याच्या प्रतिरोधाची नोंद झालेली होती.

३/१०
यात नवल नाही. बुरशी आणि मातीतील जिवाणू एकमेकांविरुद्ध ही रसायने युगानुयुगे वापरत आले आहेत. कॅनडातील सुमारे ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही प्रतिरोधाची जनुके आढळली, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. औषध ही जनुके घडवत नाही. ते दुर्बळ जिवाणूंना मारते आणि ही जनुके बाळगणाऱ्यांना रान मोकळे करून देते.

४/१०
भारतात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. देशी पेनिसिलिनमुळे असंख्य जीव वाचले. मात्र जगभर औषध जितके सुलभ झाले, तितकी प्रतिरोधक जिवाणूंची निवडही वेगाने होऊ लागली.

५/१०
याच दशकात जपानमध्ये एक कोडे उभे राहिले. आमांशाचे शिगेला जिवाणू एकाच वेळी चार औषधांना निष्प्रभ करू लागले. जनुकात योगायोगाने होणारे चार बदल एकाच जिवाणूत एकदम घडणे जवळजवळ अशक्य. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, हा प्रतिरोध एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे थेट जातो.

६/१०
त्याचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, अर्थात मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे, बहुधा वर्तुळाकार कडे. वतन बापाकडून लेकाकडे जाते. प्लाझ्मिड मात्र शेजाऱ्यालाही मिळते. दोन जिवाणू एकमेकांना जोडले जातात, प्लाझ्मिडची प्रत पलीकडे जाते आणि देणाऱ्याकडचे काहीही कमी होत नाही. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात.

७/१०
२००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला हा जिवाणू सापडला. त्याच्यावर पूर्वी नवी दिल्लीत उपचार झाले होते. या जिवाणूतील जनुक जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने काम करणारे विकर तयार करत होते. ते विकर पेनिसिलिनपासून कार्बापेनेमपर्यंतच्या औषधांचे मूळ कडेच तोडत असे. त्याला नाव मिळाले ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजेच एनडीएम-१.

८/१०
माहीमच्या २२ नमुन्यांत होते ते हेच जनुक. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान व ब्रिटनमधील नमुन्यांचा निबंध आला आणि वादळ उठले. वैद्यकीय पर्यटनाची बदनामी होते, असा आक्षेप भारत सरकारने घेतला. विकरांना शहरांची नावे देण्याची प्रथा जुनीच. इटलीतील व्हेरोनाचेही नाव एका विकराला आहे. तरीही ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी जानेवारी २०११ मध्ये या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

९/१०
नावाचा वाद गाजला. मुंबईतील डॉक्टरांनी पाच महिने आधीच दिलेला इशारा त्या मानाने मागे पडला. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २, तर साचलेल्या व झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक होते. प्रश्न आता रुग्णालयाच्या भिंतींपुरता उरला नव्हता. सांडपाणी हेही प्लाझ्मिडांच्या देवाणघेवाणीचे ठिकाण ठरते.

१०/१०
पुढे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यातील औषधे विकताना डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांची नोंद ठेवणे दुकानदारांस बंधनकारक आहे. २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील तांबड्या रेषेचा अर्थ लोकांना सांगणारी मोहीम सुरू झाली: डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये. नांदेड असो वा लातूर, औषधाच्या दुकानात ही रेषा आजही दिसते. तिच्यामागे ऑक्सफर्डची प्रयोगशाळा, जपानमधील आमांशाची साथ आणि माहीमचे २४ नमुने, एवढा इतिहास आहे. एका रुग्णाने अकारण घेतलेली गोळी ज्या जिवाणूंना मोकळे रान देते, ते त्याच रुग्णापाशी थांबत नाहीत.